दाजींचा बॅलन्स

कोल्हापुरात पुरुषमाणूस पंचेचाळिशीच्या पुढं सरकला की त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. एक तर तो तालमीच्या कट्ट्यावर बसून हल्लीच्या पोरांत दम राहिला नाही असं सांगू लागतो, नाही तर गल्लीतल्या मंडळाचा सल्लागार होतो, आणि हे दोन्ही साधलं की मटण कुणाकडून आणावं यावर अधिकारवाणीनं बोलतो. आमचे दाजी, म्हणजे आक्काचे मालक, या तिन्ही वाटांनी व्यवस्थित चालले होते. उद्यमनगरात त्यांचं मशिन शॉप आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं, दाजी ते मापात आणतात. लेथ, व्हर्नियर आणि दुपारचा डबा यांत माणूस सुखी होता. पण एका वर्षी कामगारांच्या आरोग्य तपासणीत त्यांनी हौसेनं स्वतःचंही रक्त दिलं. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा आकडा बघितला आणि म्हणाले, "रोज अर्धा तास चालत जावा."

"रंकाळ्यावर सगळी पेन्शनर चालत्यात," दाजी घरी येऊन म्हणाले, "त्यात आपलं काय विशेष?"

ज्यात ईर्षा नाही ती गोष्ट आमच्याकडं कुणी करत नाही. पंधरवड्याच्या आत दाजींनी शोध लावला की आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग पळायचं आणि मधे कुठं टेकायचं नाही, अशी एक शर्यत असते. तिला ट्रायथलॉन म्हणतात. त्यातल्या एका दांडग्या प्रकाराला आयर्नमॅन म्हणतात, आणि त्याचा निम्मा भाग 2019 पासून आपल्या शेजारी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर होतो. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहणं, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर पळणं, सगळं मिळून साडेआठ तासांत. दिवसभर लोखंडाशीच गाठ असल्यामुळं लोहपुरुष होण्यावर आपला पहिला हक्क आहे, असं दाजींचं मत पडलं. आक्कानं विचारलं, "अर्धा तास चाला म्हटलं होतं ना डॉक्टर?" दाजी म्हणाले, "लाइफमध्ये बॅलन्स पायजे."

बॅलन्स हा शब्द त्या दिवशी घरात आला तो अजून गेलेला नाही.

कुठलाही नाद लागला की दाजी आधी त्याचा इतिहास पाठ करतात. त्यामुळं आता गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की हवाईत एकदा पोहणारे, पळणारे आणि सायकलवाले यांच्यात दमदार कोण, असा वाद पेटला. मग 1978 साली जॉन कॉलिन्स नावाच्या नौदलाच्या अधिकाऱ्यानं तिन्ही शर्यती एकाला एक जोडल्या. पंधरा गडी उतरले आणि बारा पोहोचले. वाद घालायचा आणि तो मिटवायला शर्यत लावायची, ही रीत बघता हवाईचे लोक मूळचे करवीर तालुक्यातले असावेत असं मला वाटतं. त्या शर्यतीत दुसऱ्या आलेल्या गड्याच्या मदतनिसांकडचं पाणी पळताना संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली, हा भाग दाजी सांगत नाहीत. तो मी शोधून काढला आणि दाजींचा मदतनीस व्हायची तयारी दाखवली. "गोव्यात बाहेरच्याकडनं मदत घेतली तर बाद करत्यात," दाजी थंडपणे म्हणाले.

पोहायला ते लहानपणी गावच्या विहिरीत शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. विहिरीतलं पोहणं म्हणजे मान वर, छाती वर, आणि काठावरच्याशी गप्पा चालू. विहिरीत मुटका मारून काठावर बसलेल्यांना भिजवावं एवढंच त्या विद्येचं ध्येय. तलावावरचा प्रशिक्षक त्यांच्या निम्म्या वयाचा. तो ओरडायचा, "काका, तोंड पाण्यात!" दाजी थांबून विचारायचे, "तोंड पाण्यात घातलं तर बोलायचं कसं?" वीरधवल खाडे याच गावातून बीजिंग ऑलिंपिकला गेला, हे सांगून त्यानं त्यांची ईर्षा जागी केली आणि शेवटी तोंड पाण्यात गेलं. कोल्हापुरी माणूस सलग पाऊण तास गप्प बसू शकतो हे आम्हाला त्या उन्हाळ्यात कळलं.

सायकलीचं मात्र आवडतं लेकरू झालं. ती घरात आली तेव्हा आक्कानं तिला हळदकुंकू लावलं, कारण किंमत मोटारसायकलीच्या वर होती. दाजींनी तिच्यासाठी लेथवर पाण्याच्या बाटलीची कडी स्वतः बनवली; व्हर्नियरनं माप घेऊन, कडा घासून, बफिंग करून. ती कडी त्यांनी मला अर्धा तास दाखवली. बाटली एका बोटानं आत सरकते, खड्ड्यात गाडी आपटली तरी बाहेर उडत नाही, आणि काढताना ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. "हा आवाज आला पायजे," दाजी म्हणाले. फक्त बाजारातली हलकी कडी वीस-पंचवीस ग्रॅमची असते आणि ही भरली पावणेचारशे. ती घेऊन पन्हाळ्याचा घाट चढायचा.

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. पुढं भाच्यानं त्यांना ‘द गेम चेंजर्स’ नावाचा माहितीपट लावून दिला. मांस आणि दूधदुभतं न खाणारे जगज्जेते त्यात एकापाठोपाठ एक येतात. संपल्यावर दाजी उठले, फ्रिज उघडून अंड्यांचा ट्रे शेजारी देऊन आले. पहिल्या आठवड्यात मटण गेलं, दुसऱ्यात मासे, तिसऱ्यात दूध, दही, ताक, तूप, आणि महिनाअखेर मधाची बाटली.

"मटण सोडलं तर माळकरी म्हणत्यात," आक्का म्हणाली, "दूध सोडलेल्याला काय म्हणायचं?"

प्रश्न रास्त होता. ज्या गावात संध्याकाळी गंगावेशीत म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात, त्या गावात हे चाललं होतं. दाजी तिथलं जुनं गिऱ्हाईक. आता ते त्या रस्त्यानं पळत गेले की गवळी हाळी देतो, "सावकार, म्हस आठवण काढतीया!" तालमीतल्या वस्तादांना तर दाजींनी मुद्दाम जाऊन सांगितलं की रोमचे ग्लॅडिएटर मुख्यतः जव आणि कडधान्यांवर लढायचे. वस्तादांनी खारकेची बी बाजूला थुंकली आणि म्हणाले, "त्यास्नी म्हशीचं दूध मिळत नसंल."

कोल्हापुरी चप्पलही गेली, कारण चामडं. 2019 साली ज्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तिला तिच्याच गावात दाजींनी रजा दिली आणि रबरी सपाता घेतल्या. त्यांचं करकर वाजणारं कापशी जोड माझ्या पायात बरोबर बसलं. या संपूर्ण चळवळीतून मला झालेला हा पहिला फायदा.

दाजींची आई गावाकडं तीन म्हशी राखते. तिला हे कुणी सांगायचं यावर घरात बैठक झाली. शेवटी दाजींनीच सांगितलं. ती बिचारी गप्प राहिली. पण पुढं डॉक्टरांनी बजावलं की बी-12 हे जीवनसत्त्व पालाभाजीतून मिळत नाही, त्याची गोळी किंवा इंजेक्शन घ्यावंच लागेल, आणि दाजी बाही वर करून बसले, तेव्हा म्हातारी बोलली, "म्हशीनं देऊ केल्यालं नको, सुईनं टोचल्यालं चालतंय व्हय?"

पहिले दोन-तीन महिने घरात परदेशी डबे आले. किनवा आला, चिया आला, बदामाच्या दुधाचे खोके आले, आणि महिन्याचं किराणा बिल बघून आक्का एक दिवस काही न बोलता जोंधळ्याच्या पिठाचा डबा काढून बसली. झुणका-भाकरी-खर्डा, अख्खा मसूर, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, शेंगदाण्याचं म्हाद्या, नाचणीची आंबील ताकाशिवाय, खपली गव्हाची खीर नारळाच्या दुधात. दाजी प्रत्येक पदार्थाकडं बोट करून विचारत, "हे प्लँट-बेस्ड आहे?" आणि आक्का म्हणे, "हे गुरुवारचं आहे." लांब पळून आल्यावर तिनं त्यांना हुलग्याचं माडगं दिलं. ते पिऊन दाजींचे डोळे लकाकले. रिकव्हरी ड्रिंक म्हणून त्यांनी ते बरोबर सराव करणाऱ्या सगळ्या ग्रुपला पाजलं. आमची आई ऐकून म्हणाली, "आक्काच्या बाळंतपणात करायची मी. तवा वास येतो म्हणून खिडकी उघडायला लावायचे."

सोयाबीनचं दूध मात्र आक्काला पुरून उरलं. रात्री सोयाबीन भिजत घालायचं, पहाटे चारच्या आधी मिक्सरला लावायचं, फडक्यातून गाळायचं आणि उकळायला ठेवून समोर उभं राहायचं, कारण ते क्षणात फेसाळून वर येतं आणि शेगडीवर सांडलं की पत्रा खरवडावा लागतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात पूर्वी दुधाचा हिशेब असायचा. आता एकाच चौकटीत दोन हिशेब असतात: ‘दू. 1 लि.’ हा आक्काचा आणि पोरांचा, ‘सा. 60’ हा दाजींचा. मी विचारलं, "बॅलन्स कसा काय चाललाय?" आक्का म्हणाली, "ह्यांचा झक्कास हाय. माझी झोप तेवढी मोडलीया."

2023 साली श्रावण अधिक आला. अधिक महिन्यात जावयाला धोंडं जेवू घालायचं आणि तेहेतीस अनारसे द्यायचे, याला आमच्या घरात पर्याय नाही. आईनं पुरणाचे धोंडे केले आणि वर तुपाची वाटी उपडी करायला गेली. दाजींनी ताटावर हात धरला.

"गाईचं साजूक हाय."

"म्हणूनच नको, मामी."

आई वाटी हातात धरून तशीच उभी. जावयानं तूप नाकारलं की सासूनं काय करायचं, हे शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही. शेवटी दाजींनी कोरडे धोंडे खाल्ले आणि ते घशाखाली उतरवायला आमटीचे तीन वाडगे प्यायले. अनारसे आईनं तेलात तळले होते, तेवढं तिनं ऐकलं होतं. दाजींनी तेहेतीस अनारशांच्या कॅलऱ्यांचा हिशेब केला, तो जोतिबाच्या डोंगराच्या किती फेऱ्यांना पुरतो ते काढलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खरंच गेले.

आता एक गोष्ट सांगतो, ती दाजींच्या घड्याळालाही माहीत नाही. एकदा आक्काकडं चहाला बसलो असताना मी ते कॅलेंडर नीट वाचलं. बुधवारी लांब पोहणं. शुक्रवारी लांब पळणं. रविवारी पहाटे चारला सायकल, परत यायला दुपारचे दोन. जगातले प्रशिक्षक हे वेळापत्रक कशावरून आखतात ठाऊक नाही, दाजींचं गल्लीतल्या मटणानं आखलं होतं. बुधवार, शुक्रवार, रविवार. रविवारी दहानंतर आमच्या गल्लीत प्रत्येक घरातून कांदा-खोबरं भाजल्याचा वास येतो, अकराला पांढऱ्या रश्शाचा, साडेअकराला तांबड्याचा. त्या वासातून दूध सोडलेला माणूस निभावून नेईल, पण बालपणापासून नळी फोडून खाल्लेला माणूस तिथं बसू शकत नाही. दाजी शर्यतीकडं पळत होते तेवढेच रश्शापासून लांब पळत होते.

जुलैमध्ये ते पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला निघाले तेव्हा माझी खात्रीच पटली. 1660 च्या आषाढात शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या वाटेनं विशाळगडाकडं निघाले, त्या वाटेनं दर पावसाळ्यात हजारो लोक चालतात. मसाई पठारावर धुकं, गुडघ्याएवढा चिखल, आणि वाडीवस्तीतल्या बाया दारात पिठलं-भाकरी घेऊन उभ्या. दाजी मनगटावरच्या घड्याळात नाडी बघत चालत होते. एका चढावर ते थांबून म्हणाले, "महाराजांबरोबरची बांदलांची पोरं इथं झोन फोरमध्ये गेली असणार." शेजारून चालणारा डोक्याला टॉवेल गुंडाळलेला म्हातारा म्हणाला, "त्यांच्या मागं सिद्दी हुता. तुमच्या मागं कोण हाय?" दाजी काही बोलले नाहीत. मला ठाऊक होतं. मागं आखाड होता, आणि आखाडातलं मटण.

त्याच मोहिमेत एका आज्जीनं त्यांच्यापुढं ताकाचा तांब्या धरला. दाजी "नको" म्हणाले. आज्जीला वाटलं, पैशाला भितोय. "आरं पी लेकरा, फुकट हाय." पन्नाशीला टेकलेल्या माणसाला लेकरा म्हणणाऱ्या त्या बाईला प्राणिजन्य पदार्थांविषयी काय सांगणार? दाजींनी तांब्या घेतला, दोन पावलं पुढं येऊन माझ्या हातात दिला. मी प्यालो. हा दुसरा फायदा. थोड्या वेळानं त्यांच्या पोटरीला जळू चिकटलेली दिसली. मी मीठ काढलं. दाजी म्हणाले, "मारू नको, नुसती सोडव." जळू मात्र प्लँट-बेस्ड नव्हती.

रविवारच्या सायकलीला ताकद मिळावी म्हणून बाजारात गोड चिकट पाकाची पाकिटं मिळतात. ती महाग, म्हणून दाजींनी गुऱ्हाळावरून काकवी आणली. कल्पना उत्तम होती. ज्या जिल्ह्याचा गूळ सगळीकडं जातो तिथल्या माणसानं साखरेचा पाक परदेशातून का मागवायचा? त्यांनी काकवी, लिंबू आणि चिमूटभर मीठ एका मऊ बाटलीत भरलं आणि जर्सीच्या मागच्या खिशात ठेवलं. घाटात टोपण निघालं. काकवी पाठीवरून उतरत खोगिरापर्यंत पोहोचली. दाजी पन्हाळ्यावर तीन दरवाजाजवळ दोन मिनिटं दगडाला टेकले, तेवढ्यात तिथल्या काळ्या मुंग्यांना खबर लागली. उतरताना त्यांनी स्वतःचा जुना विक्रम मोडला. ग्रुपमधल्या पोरांनी अभिनंदन केलं. कारण कुणालाच माहीत नव्हतं.

गोव्याला आम्ही दोन गाड्या करून आंबोलीमार्गे गेलो. दाजींच्या डब्यात उकडलेली रताळी, शेंगदाण्याचे लाडू आणि भात. आम्ही सुरमईचं ताट मागवलं तेव्हा ते पाठ करून बसले. पहाटे मिरामारला शेकडो माणसं रंगीत टोप्या घालून वाळूत उभी होती, आणि त्या गर्दीत दाजींच्या तोंडावर मी पहिल्यांदाच भीती बघितली. विहिरीला काठ असतो, समुद्राला नसतो. पण गेले. लाटेत मान वर काढून दोनदा विहिरीचं पोहणं केलं, मग तोंड पाण्यात घातलं. सायकलवर पावणेचारशे ग्रॅमची कडी घेऊन 90 किलोमीटर तोडले. पळताना मात्र ऑक्टोबरच्या गोव्याचं ऊन डोक्यावर आलं. शेवटच्या फेरीत ते आमच्यासमोरून गेले तेव्हा पाय ओढत होते, आणि आक्कानं, बाहेरच्याकडून मदत घेता येत नाही हे पक्कं माहीत असूनही, रस्त्याच्या कडेनं ओरडून विचारलं, "अहो, माडगं देऊ का?" दाजींनी मान हलवली आणि थोडे जोरात पळाले. साडेआठ तासांची मुदत संपायला नऊ मिनिटं असताना ते पोहोचले.

पदक गळ्यात घालून ते वाळूत आडवे झाले. भाच्यानं विचारलं, "पप्पा, एवढा दम कुठनं आला?"

इथं मला खरी बातमी कळली. दर रविवारी दाजी पन्हाळ्यावर पोहोचले की तिथून आक्काला फोन करायचे, "निघू का?" आणि त्या वेळी आक्का पोरांना घेऊन आमच्याकडं, चार घरं सोडून, जेवायला आलेली असायची. मटण शिजलेलं नसलं की ती म्हणायची, "अजून एक फेरी मारून या." दाजी गुमान घाट उतरून परत चढायचे. मी समजत होतो त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

दाजी डोळे मिटूनच म्हणाले, "मे महिन्यात तुझ्या मामानं जून बोकडाचं मटण आणलं होतं बघ. त्या रविवारी एकशे तीस किलोमीटर झालं. तिथंच सगळी तयारी झाली."

कोलेस्टेरॉल आता मापात आहे. डॉक्टरांनी दाजींचं नाव दुसऱ्या रोग्यांना सांगायला सुरुवात केली आहे, आणि दाजींनी संपूर्ण आयर्नमॅनची चौकशी केली आहे: 3.8 किलोमीटर पोहणं, 180 सायकल, 42.2 पळणं. त्यासाठी रविवारची सायकल दुपारी चारपर्यंत लांबणार, त्यामुळं आमच्या घरी सगळे खूश आहेत. तुमच्यापैकी कुणाला घाटाची हौस असेल तर रविवारी पहाटे चारला रंकाळ्याच्या कडेला दाजी भेटतील. पाणी आपलं आपलं आणावं. हौस नसेल तर साडेबाराला सरळ आमच्याकडं जेवायला या. फक्त चारच्या आत हात धुवा.